पहाटे तीन छप्पन्न : एका भूकंपग्रस्त गावानं तिसावं वर्ष कसं पाळलं

गाव ओळखू येऊ नये म्हणून नाव, वस्तीचे काही तपशील आणि नाती बदलली आहेत. मी त्या गावचा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलीनं आलो, आणि 'गुरुजींचं अक्षर चांगलं आहे' एवढ्या भांडवलावर या कामात ओढला गेलो.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. तीव्रता ६.२ च्या आसपास. याहून मोठे भूकंप जगात होतात आणि त्यात इतकी माणसं मरतातच असं नाही. इथं मारलं ते घरांनी. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं हेच माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर ही नावं त्या दिवशी देशभर पोचली. किल्लारीच्या परिसरात १९९२ पासून लहान धक्के बसत होते, पण हा प्रदेश भूकंपाचा नाही, दख्खनचं पठार स्थिर आहे, असाच सगळ्यांचा समज होता.

मृतांचे आकडे ७,९२८ पासून ९,७४८ पर्यंत वेगवेगळे छापले गेले. या फरकाचा संबंध पुढे येणार आहे.

नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या हिशोबानं मिळाली : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. रस्ते रुंद, रांगा सरळ. कागदावर सगळं नीट होतं, पण जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारी माणसं जमिनीच्या गटाप्रमाणे तीन दिशांना पांगली. या गावातल्या म्हाताऱ्या अजूनही नव्या गावाला 'कॉलनी' म्हणतात. गाव म्हणजे त्यांच्या लेखी जुनी पांढरी, भूकंपात पडलेल्या गावाची जागा. ती इथून दीड-दोन किलोमीटरवर आहे, वेड्या बाभळींनी भरलेली.

वर्षश्राद्धाच्या बाबतीत गावात आधीपासूनच दोन पंचांगं चालत. सरकारी कार्यक्रम तारखेनं, ३० सप्टेंबरला. घरचं तिथीनं, आणि तिथी कोणती धरायची यावर एकमत नव्हतं. काही जण पौर्णिमा धरत, काही अपघाती मरण म्हणून पितृपक्षातली चतुर्दशी, आणि ज्यांना कशाचाच नेम लागेना ते सर्वपित्री अमावास्येला पान वाढत. २०१२ साली अनंत चतुर्दशी पुन्हा बरोबर २९ सप्टेंबरला आली होती. त्या रात्री निम्मं गाव अंगणात बसून होतं, असं मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

प्रश्न कसा उभा राहिला

ऑगस्ट २०२३ मधल्या ग्रामसभेत तरुण मंडळानं विषय काढला. तीस वर्षं होतात, काहीतरी मोठं करू. यातली बहुतेक पोरं भूकंपानंतर जन्मलेली. भूकंप त्यांना माहीत तो भरतीच्या अर्जातला 'भूकंपग्रस्त' हा रकाना म्हणून. त्यांचा बेत असा : मेणबत्ती मोर्चा, रक्तदान शिबिर, स्मारकापाशी मंडप, आमदार-खासदार, ड्रोननं चित्रीकरण आणि बरोबर ३.५६ ला भोंगा.

भोंग्याचं नाव निघालं तशी मागे बसलेली एक आजी उठून गेली. दारातून जाता जाता एवढंच म्हणाली, "तुमाला कारेक्रम करायचाय, करा. आमाला त्या दिवशी बोलवू नगा."

पंचविसाव्या वर्षाची आठवण ताजी होती. मंडप झाला होता, पाहुणे दोन तास उशिरा आले, अकरा भाषणं झाली. शेवटी वेळ उरला नाही म्हणून मृतांच्या नावांचं वाचन रद्द झालं आणि 'सर्व ज्ञात-अज्ञात' असं म्हणून एक मिनिट उभं राहून लोक जेवायला गेले. सरपंचांनी स्वतः मला हे सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणजे अडचण पैशाची किंवा उत्साहाची नव्हती. हा दिवस कुणासाठी पाळायचा, हेच ठरलेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मंडळाचा. त्याची चेष्टा करणं सोपं आहे, पण त्यामागे तर्क होता. पुढारी आले तर जुन्या गावाकडे जाणारा रस्ता मागता येईल, पाणीयोजनेचं रखडलेलं काम बोलता येईल. तीस वर्षांत सरकार गावाकडे वळलं ते याच तारखेच्या निमित्तानं, हे सरपंचांचं म्हणणं खोटं नव्हतं. मात्र तो सप्टेंबर मराठवाड्यात वेगळाच होता. आंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं, कुठल्या पुढाऱ्याला बोलवावं आणि त्याच्यासमोर काय होईल याची खात्री कुणालाच नव्हती.

दुसरा पर्याय : काहीच करू नये. ज्यानं त्यानं आपल्या घरी पान वाढावं. वयस्क पुरुषांचा कल इकडे होता.

तिसरा बायकांनी काढला, आणि तो ग्रामसभेत नाही, बचतगटाच्या बैठकीत. पहाटे ३.५६ ला जुन्या पांढरीत जाऊन उभं राहायचं. भाषण नाही, काही नाही. नावं तेवढी वाचायची.

यात धर्मविधीचाही प्रश्न होता. १९९३ मध्ये पावसात, पडलेल्या माळवदांच्या तुळयांचं सरण रचून, मिळेल त्या रॉकेलवर सगळ्यांना एकत्र अग्नी दिला गेला. लिंगायतांत पुरायची रीत, मुसलमानांत दफन. त्या दिवशी रीत पाळायला कुणाकडे हात उरले नव्हते. एका लिंगायत आजोबांनी आपल्या आईला असं जाळलं जाताना पाहिलं, आणि ते गेली तीस वर्षं सामूहिक श्राद्धाच्या नावालाही फिरकलेले नाहीत. होम ठेवला तर एक गट बाहेर, कीर्तन ठेवलं तर दुसरा.

काय ठरलं

तडजोड अशी झाली. सकाळी दहाला स्मारकापाशी सरकारी पद्धतीचा कार्यक्रम, पाहुण्यांसह, रक्तदानासह. पहाट मात्र फक्त गावाची. पहाटे कुठलाही विधी नाही, माईकवर भाषण नाही, चित्रीकरण नाही, आणि फलकावर जिवंत माणसाचा फोटो नाही. हा शेवटचा मुद्दा मंजूर व्हायला बाकी सगळ्या मुद्द्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

भोंगा रद्द झाला. पोरांचा हट्ट म्हणून त्याऐवजी ३.५६ ला नव्या गावातले रस्त्यावरचे दिवे एक मिनिट बंद ठेवायचं ठरलं. मला ते तेव्हा सुंदर वाटलं होतं. मी हात वर केला होता.

आणि नावांची यादी माझ्याकडे आली.

यादी

हातात होतं ते असं : अनुदानवाटपाच्या वेळच्या यादीची एक झेरॉक्स, ग्रामपंचायतीच्या नोंदींची काही पानं आणि स्मारकावरचा शिलालेख. तिन्हींत नावांची संख्या वेगळी. मी मास्तर माणूस, आधी वाटलं की तिन्ही समोर ठेवून जुळवणी केली की झालं. मंडळाच्या ग्रुपवर एक अर्ज टाकला : 'आपल्या कुटुंबातील मृतांची नावे कळवा.' आठवड्यात नऊ उत्तरं आली.

मग संध्याकाळी घरोघर जायला लागलो. पहिल्याच घरी काकू म्हणाल्या, "आमच्या घरात त्या राती सात माणसं होती, यादीत पाच हायती. दोघं काय उडून गेली?"

त्या दोघींतली एक होती गौरीला माहेरी आलेली लेक. विसर्जन बघून जाते म्हणून थांबली होती. तिचं नाव सासरच्या गावात असेल म्हणून इथं घेतलं नाही, आणि इथं मेली म्हणून सासरच्यांनीही घेतलं नाही. दुसरी तिची तान्ही मुलगी. बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळे नावच नव्हतं.

तिथून पुढे मी प्रश्न बदलला. 'तुमचे किती गेले' असं विचारलं की माणसं अनुदानाच्या यादीतलाच आकडा सांगायची, इतक्या वेळा तो सांगून झाला होता. 'त्या रात्री घरात कोण कोण कुठं कुठं झोपलं होतं' असं विचारलं की घर उभं राहायचं. ढेलजेत आजोबा, सोप्यात थोरला, आतल्या खोलीत बाळंतीण, वर माळवदावर गणपतीहून आलेली पोरं. आणि मग कुणीतरी म्हणायचं, "अन् गडी होता की गोठ्यात." असे सालगडी, पाहुणे, शिकायला मामाकडे राहिलेलं पोर, दुसऱ्या गावचा बँडवाला, एकेक करत बाहेर येऊ लागले. जे घर सगळंच गेलं, तिथं दावा सांगायला वारसच उरला नव्हता. त्यांची नावं शेजाऱ्यांनी सांगितली, आणि शेजारी आता नव्या गावाच्या दुसऱ्या टोकाला.

तीन गोष्टी ठरवाव्या लागल्या.

माहेरवाशिणींचं काय? निर्णय : इथं वाचायचं. सासरच्या गावानंही वाचलं तर बिघडत नाही, एका बाईची दोनदा आठवण काढल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. सरपंचांची शंका होती की मग एकूण आकडा चुकेल. त्यावर उपसरपंच बाई म्हणाल्या, मग एकूण आकडा लिहूच नका. तसंच केलं. यादीखाली बेरीज नाही. मला वाटतं या सगळ्या कामातला सगळ्यात शहाणा निर्णय तो, आणि तो माझा नव्हता.

नाव नसलेल्यांचं काय? बाळांना 'बाळ', पुढे आईचं नाव. बायकांची नावं 'अमक्याची बायको' अशी आली तिथं माहेरचं नाव शोधायचं. एक सालगडी दुसऱ्या तालुक्यातून आलेला. त्याचं पहिलं नाव तेवढं ठाऊक, आडनाव नाही. त्याच्या बायकोचं तर काहीच नाही. मालकीणबाई, आता सत्तरीच्या, खाली बघत म्हणाल्या, "नाव काय सांगू गुरुजी, आम्ही तिला गड्याची बायकूच म्हणायचाव."

क्रम कोणता? अकारविल्हे लावायला मी बसलोच होतो. एका म्हाताऱ्या शिंप्यानं यादी पाहिली आणि विचारलं, "हे कुठल्या गावचं?" त्याला त्यात आपलं गाव दिसेना. मग आम्ही दोघं शाळेच्या फरशीवर बसलो, त्यानं खडूनं वेस काढली, मारुती काढला, आड काढला, आणि गल्ल्या भरत गेला. नावं त्या क्रमानं लावली, वेशीतून आत शिरून घरामागून घर. या फरशीवर दोन दिवस कुणी पाय ठेवला नाही. तिसरीचा वर्ग व्हरांड्यात भरला.

ती पहाट

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती आणि ईद-ए-मिलादही त्याच दिवशी. गणपती आवाजाविना गेला, हे आधीच ठरलं होतं. पौर्णिमा २९ ला झाली, त्यामुळे ३० च्या पहाटे टॉर्चची फारशी गरज नव्हती. बाभळीतून वाट तरुण मंडळानं चार दिवस खपून साफ केली होती. सोयाबीनची काढणी सुरू, दिवसभर दमलेली पोरं, तरी केली. हे लिहिलंच पाहिजे, कारण ग्रामसभेत याच पोरांना आम्ही उथळ ठरवलं होतं.

मला पन्नास-साठ माणसं येतील असं वाटलं. त्याच्या तिप्पट तरी आली. बायका जास्त. भोंग्यावरून उठून गेलेली आजीही होती. मुसलमान वाड्यातले सगळे कर्ते पुरुष होते. चहा करायचा नाही असं ठरलं होतं, अशा वेळी चहा बरा दिसत नाही म्हणून. बायकांनी किटल्या आणल्याच.

३.५६ ला कुणी काही बोललं नाही. मग सातवीतून नुकती गेलेली एक मुलगी आणि मी, आळीपाळीनं वाचायला लागलो. वेशीपासून.

दुसरी गल्ली सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की समोरची माणसं कमी होतायत. माणसं आपापल्या घराच्या जागेकडे चालू लागली होती. ढिगारा कुठला कुणाचा हे मला दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं. गल्लीचा क्रम लावताना हे होईल हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. एक लहानसा हातातला कर्णा, तोही माझ्याकडे. आडाच्या पलीकडे उभ्या असलेल्यांना काहीच ऐकू जाईना. तिकडून हाक आली, "गुरुजी, हिकडं येऊन वाचा!" मग आम्ही दोघं कागद घेऊन गल्लीगल्लीतून फिरलो. पंधरा मिनिटांचं वाचन उजाडेपर्यंत चाललं.

शिवाय लोक मध्ये थांबवत होते. "ते आडनाव नाही, पाटलानी चुकून लिवलं." "ह्याच्या आधी म्हातारी घ्या की." मी आधी अस्वस्थ झालो, कार्यक्रम विस्कटतोय म्हणून. मग दुरुस्त्या तिथंच पेनानं लिहीत गेलो. गोठ्याच्या जागेपाशी आलो तेव्हा सालगड्याचं नाव वाचलं आणि म्हणालो, 'आणि त्यांची पत्नी.' मागून, मालकीणबाईंच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात आलं : "कोंडाबाई. माझ्यासंगं खुरपायला यायची." मालकीणबाईंनी ते नाव दोनदा पुटपुटलं. मी लिहून घेतलं.

त्याच वेळी नव्या गावात

इथं आमची चूक झाली. दिवे बंद करायचं पहाटेला येणाऱ्यांना ठाऊक होतं. घरीच राहणार होते त्यांना नव्हतं. आणि घरी राहणारे म्हणजे कोण? जे येऊ शकत नव्हते किंवा येऊ इच्छित नव्हते तेच, म्हणजे ज्यांना हा अंधार सगळ्यात जड. भूकंपानंतर कित्येक जण पक्क्या छताखाली झोपायला तयार नव्हते, घरापुढे पत्र्याचं शेड मारून राहिले. एक आजोबा अजूनही तसेच झोपतात. ३.५६ ला अचानक सगळीकडे अंधार झाला, कुत्री ओरडायला लागली. ते उठून अनवाणी शेताकडे पळत सुटले आणि नालीत पडले. मनगट मोडलं. त्यांची सून आमच्यासोबत पांढरीत होती.

ती त्यानंतर माझ्याशी महिनाभर बोलली नाही. बरोबरच होतं.

निष्पत्ती

दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला. पाहुण्यांनी रस्त्याचा शब्द दिला. रस्ता अजून झालेला नाही. रक्तदान चांगलं झालं. पहाटे आलेल्यांपैकी फार थोडे या कार्यक्रमाला थांबले, आणि सरपंच नाराज झाले : गर्दी दिसली नाही, तर पाठपुराव्याला वजन येत नाही. त्यांचं म्हणणं मी आजही पूर्ण खोडू शकत नाही.

यादीत नावं वाढली. आसपासच्या दोन गावांतून माणसं विचारायला आली की आमची बहीण तुमच्याकडे आहे का. लिंगायत आजोबा पहाटे आले नव्हते. आठ दिवसांनी शाळेत आले, आईचं नाव कुठं लिहिलंय ते बोट ठेवून पाहिलं, स्पेलिंग तपासावं तसं, आणि काही न बोलता गेले.

पुन्हा करायचं झालं तर

दिवे बंद करणार नाही. अंधार, भोंगा, घंटा, ज्यानं ती रात्र पुन्हा घडल्यासारखी वाटेल असं काहीही नाही. ज्यांनी ती पाहिली त्यांना दाखवायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना एका मिनिटाच्या अंधारानं ती कळत नाही. घरी कोण राहणार याची वेगळी नोंद करेन आणि त्यांच्यासोबत कुणीतरी बसलेलं असेल, हे वाचनाइतकंच महत्त्वाचं काम समजेन.

यादीचं काम ऑगस्टात नाही, मे महिन्यात सुरू करेन. तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात. गावच्या पुरुषांपेक्षा त्यांना कोण कुठं झोपलं होतं हे जास्त आठवतं.

वाचायला प्रत्येक गल्लीत त्या गल्लीचंच एखादं माणूस ठेवेन. मी बाहेरचा होतो म्हणून भाऊबंदकीत न अडकता नावं जमवू शकलो, हे खरं. पण वाचायला बाहेरचा आवाज कशाला हवा होता? तो मोह माझा होता.

कागदाला समास मोठा ठेवेन. दुरुस्त्या शेवटी कागदाच्या मागच्या बाजूला गेल्या.

गेल्या वर्षी माझी बदली झाली. यादी शाळेच्या लोखंडी कपाटात, हजेरीपटांच्या वरच्या कप्प्यात आहे. एक प्रत शिंपीबाबांकडे, एक उपसरपंच बाईंकडे. कपाटाची किल्ली नव्या गुरुजींना देताना सांगितलं की यात कुणी नाव सांगायला आलं तर लिहून घ्या, दाखला मागू नका. त्यांनी मान हलवली. फोन करून विचारायचंय, कुणी आलं होतं का.